पाण्याला न भिणारा कॅमेरा घ्यावा का?



आजच्या भाषणाचा विषय थोडा खर्चाचा आहे. बाजारात एक लहानसा कॅमेरा मिळतो. मुठीत मावेल एवढा. पाण्यात बुडवला तरी चालतो, हातातून पडला तरी फुटत नाही, वाळूत लोळला तर नळाखाली धुऊन घ्यावा, असे त्याच्याबद्दल सांगतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हा खारा वारा असतो, जांभ्याची तांबडी धूळ असते. अशा मुलुखात हा कॅमेरा घेण्याजोगा आहे का, असे मला अलीकडे तिघांनी विचारले. एक आमच्या ओळखीच्या शिक्षिका, दुसरे मिरकरवाड्याकडचे एक होडीवाले, आणि तिसरे मुंबईला नोकरी करणारे गावचे चाकरमानी. त्यांना गावच्या शाळेला काहीतरी भेट द्यायची आहे. तिघांना एकच उत्तर देता येईना. म्हणून म्हटले, आज तुम्हां सर्वांसमोरच विचार करावा.

आधी दोन कॅमेऱ्यांची हकीकत सांगतो.

पहिला आमच्या शाळेचा. साधाच होता, पण लोकवर्गणीतून घेतलेला. कुणी पन्नास दिले, कुणी शंभर. त्यामुळे तो सांभाळण्याची जबाबदारी माझ्यावर आली तेव्हा मला त्याची भारी काळजी. श्रावणात आम्ही मुलांना घेऊन सड्यावर गेलो होतो. कातळावर पाणी साचले होते आणि त्या ओल्या मातीत सीतेच्या आसवांची इवलीइवली जांभळी फुले पसरली होती. एक मुलगी ओणवी होऊन बघत होती. मला म्हणाली, “गुरुजी, मी काढू फोटो?” भुरभुर पाऊस चालू होता. मी म्हटले, “आता नको गं, भिजेल. पाऊस थांबला की काढू.” आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे श्रावणात सड्यावर पाऊस थांबतो का? पुढच्या वर्षी तिच्या घरचे सगळे मुंबईला गेले. तो फोटो राहिला तो राहिलाच.

आणि कॅमेऱ्याचे काय झाले? मी तो फडक्यात गुंडाळला, वर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला गाठ, आणि कपाटाला कुलूप. चार महिन्यांनी काढून बघतो तो भिंगाच्या आत बुरशीचे जाळे. कोळ्याने विणावे तसे. फडक्यातली ओल पिशवीत कोंडली गेली होती. दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात जुना कॅमेरा आला असता. म्हणजे बघा, तो पाण्यात बुडाला नाही, पावसात भिजला नाही. कपाटात मेला.

दुसरा कॅमेरा माझ्या एका शिक्षकमित्राचा. हा मात्र आजच्या विषयातला, मजबूत, जलरोधक. मित्राचा त्याच्यावर पूर्ण विश्वास. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यातले खेकडे दाखवायला त्याने मुले नेली होती. आदल्या दिवशी किनाऱ्यावर बसूनच त्याने बॅटरी बदललेली. गुडघाभर पाण्यात कॅमेरा बुडवला तसे झाकणाच्या कडेने बारीक बुडबुडे आले. बाहेर काढला, उघडला, तर आत खारे पाणी. झाकणाच्या फटीत वाळूचा एक कण अडकला होता. एकच कण. पंधरा मीटर खोल जाणारा कॅमेरा दीड फूट पाण्यात गेला.

पहिला कॅमेरा भीतीने गेला, दुसरा विश्वासाने. आजचे माझे सगळे सांगणे या दोहोंच्या मधले आहे.

हा कॅमेरा पाणी अडवतो कसा, हे समजून घेऊ. घरातला कुकर डोळ्यांसमोर आणा. झाकणाला रबराची रिंग असते. ती नीट बसली की वाफ बाहेर जात नाही. रिंगवर भाताचे शीत चिकटले तर कडेने फसफस सुरू होते, आणि रिंग जुनी होऊन कडक झाली की शिट्टी होत नाही. कॅमेऱ्यातही तशीच रबरी रिंग असते, बॅटरीच्या आणि कार्डाच्या झाकणाला. फरक एवढाच की कुकरमध्ये दाब आतून बाहेर असतो, इथे पाण्याचा दाब बाहेरून आत. दर दहा मीटर खोलीला पाणी चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जादा दाबते. रिंग धड असेल तर हा दाबच झाकण घट्ट बसवतो. पण मध्ये वाळूचा कण, डोक्याचा केस, काथ्याचा तंतू असला, तर तोच दाब पाण्याला वाट करून देतो.

ही युक्ती आजची नाही. १८९३ साली लुई बुताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने समुद्राखाली छायाचित्रे घेतली, तेव्हा कॅमेऱ्याभोवती मोठी जलबंद पेटी बांधावी लागली होती. पुढे झाँ द वूटर्स या बेल्जियन अभियंत्याने समुद्रसंशोधक कूस्तो यांच्यासाठी ‘कॅलिप्सो’ नावाचा कॅमेरा रचला. त्याला वेगळी पेटी नव्हती, कॅमेराच रबरी रिंगांनी बंद केलेला. त्याच घडणीवरून निकॉन कंपनीने १९६३ साली ‘निकोनॉस’ काढला. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटात सगळे बदलले, पण पाणी अडवायला अजून ती रबराची रिंगच आहे. आणि रबर म्हटले की त्याला वय आले.

आता बाजाराकडे वळू. दहा-पंधरा वर्षांपूर्वी असे कॅमेरे पुष्कळ कंपन्या काढत. हळूहळू फोनांनी तो बाजार खाल्ला. निकॉनचा तीस मीटर खोल जाणारा डब्ल्यू ३०० हा २०१७ चा, पॅनासॉनिकचा शेवटचा २०१८ चा, फुजीफिल्मचा एक्सपी १४० हा २०१९ चा. त्यांच्या मागून तसे नवे आले नाहीत. ऑलिम्पसचा कॅमेऱ्यांचा धंदा २०२१ साली वेगळ्या कंपनीकडे गेला. तीच आता ओएम सिस्टिम या नावाने ‘टफ’ मालिका चालवते. त्यांचा टीजी-७ हा २०२३ साली आला. रिकोचेही काही नमुने मिळतात.

टीजी-७ चेच उदाहरण घेऊ. कंपनी सांगते, पंधरा मीटरपर्यंत पाण्यात, दोन मीटर दहा सेंटिमीटर उंचीवरून पडला तरी, शंभर किलोचा भार आला तरी, आणि उणे दहा अंश थंडीत चालेल. थंडीचा भाग आपण सोडून देऊ, रत्नागिरीत त्याचा उपयोग नाही! वजन पाव किलोच्या आसपास. २०२३ साली अमेरिकेत त्याची किंमत साडेपाचशे डॉलरांच्या घरात होती. म्हणजे एका चांगल्या फोनाचा पैसा. शेतकऱ्याच्या किंवा खलाशाच्या घरात हा लहान आकडा नव्हे.

या पैशात चित्र कसे मिळते? इथे मी स्पष्ट बोलतो. उजेडात, साध्या देखाव्याचे चित्र चांगल्या फोनापेक्षा सरस येईल अशी आशा धरू नका. या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा जो तुकडा असतो, तो साधारण सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद. करंगळीच्या नखापेक्षाही लहान. आजच्या महागड्या फोनांत याहून मोठे तुकडे असतात. तिन्हीसांजेला, देवळाच्या गाभाऱ्यात, नमनाच्या खेळाला रात्री, या कॅमेऱ्याचे चित्र दाणेदार आणि मळकट येते.

मग तुम्ही म्हणाल, फोनही आता वॉटरप्रूफ येतात. त्यांवर आयपी ६८ असे लिहिलेले असते. खरे आहे. त्यातला सहा हा आकडा धुळीचा आणि आठ हा पाण्यात बुडवण्याचा. पण ही परीक्षा गोड्या, शांत पाण्यात होते. समुद्राच्या लाटेत नव्हे. फोन पडला, वापरून जुना झाला की त्याची ती ताकद कमी होते, आणि पाणी शिरून बिघडला तर बहुतेक कंपन्या हमीतून अंग काढून घेतात. हमीचा कागद वाचून पाहा. दुसरे असे की पावसाचे थेंब पडदीवर पडले की फोन गोंधळतो. बोट एकीकडे लावावे, उघडते भलतेच. या कॅमेऱ्याला खरी बटणे आहेत. ओल्या हातांनी, मासळीने बुळबुळीत झालेल्या बोटांनीसुद्धा ती दाबता येतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट, फोनात आपले पैसे असतात, नातेवाइकांचे नंबर असतात, कामाचे कागद असतात. तो बुडाला तर नुसता कॅमेरा बुडत नाही, अर्धा संसार अडतो.

आता आपला समुद्र. पुष्कळांना वाटते, असा कॅमेरा घेतला की पाण्याखालची रंगीत सृष्टी टिपता येईल. आपल्या किनाऱ्याला पावसाळ्यात नद्या गाळ आणून सोडतात. पाणी गढूळ, हात बुडवला तर बोटे दिसत नाहीत. शिवाय १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पाणी निवळते ते पावसाळा सरल्यावर, आणि पाण्याखालचे बघायचे तर लोक खाली मालवण-तारकर्लीला जातात. तिथेही काही मीटर खाली गेले की पाणी तांबडा रंग शोषून घेते आणि सारे निळे-हिरवे दिसू लागते. तेव्हा पंधरा मीटर की तीस मीटर, या आकड्यांच्या चढाओढीत आपण पडू नये. आपल्याला खोली नको आहे. आपल्याला पाऊस, लाटेचा शिंतोडा, वाळू आणि धूळ यांना न भिणारे यंत्र हवे आहे.

आणि तसे पाहिले तर आपल्याकडे त्याला काम पुष्कळ आहे. अशा काही कॅमेऱ्यांत, टीजी मालिकेत तर खासच, भिंगापासून एका सेंटिमीटरवरची वस्तू टिपता येते. सड्यावरची ती सीतेची आसवे, कीटक खाणारा दवबिंदू, पानामागची बेडकाची अंडी, खडकातल्या डबक्यातला शंख. मुलांनी हे पुस्तकातल्या चित्रात पाहण्यापेक्षा आपल्याच सड्यावर टिपावे आणि वर्गात मोठे करून पाहावे. त्या फुलाला पाऊस लागतो, म्हणून कॅमेराही पावसातच न्यावा लागतो. दुसरे काम कातळशिल्पांचे. उक्षीचा, कशेळीचा हत्ती तुम्ही पाहिला असेल. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. सड्यावर अजूनही नव्या खोदरेषा सापडतात, गवताखाली, मातीखाली दडलेल्या. उन्हातान्हात, धुळीत फिरणाऱ्या माणसाला नाजूक यंत्र उपयोगी नाही. तिसरे काम वेळासचे. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची अंडी राखली. पिल्ले वाळूतून समुद्राकडे निघतात तेव्हा वाळू सगळीकडे असते. तिथे मात्र एक पथ्य आहे. फ्लॅश मारायचा नाही. पिल्ले उजेडाच्या रोखाने जातात, आपला दिवा त्यांची वाट चुकवतो.

शेतकरीबंधूंसाठी एक सूचना. ई-पीक पाहणी आपल्याकडे २०२१ पासून सुरू झाली. तिच्यात पिकाचा फोटो फोनच्या अ‍ॅपमधूनच, शेतात उभे राहून, जागेच्या नोंदीसह काढायचा असतो. वेगळ्या कॅमेऱ्याचा फोटो तिथे चालत नाही. तेवढ्यासाठी हा कॅमेरा घेणार असाल तर घेऊ नका. फोनाला गळ्यात अडकवायची पारदर्शक प्लास्टिकची पिशवी मिळते. ती आणा, आधी आत कागदाचा तुकडा घालून घागरीत बुडवून पाहा, कागद कोरडा राहिला तर मग फोन घाला. पावसातल्या कामाला एवढे पुरे.

आता घ्यायचाच ठरला तर सांभाळायचा कसा, ते थोडक्यात सांगतो. शिक्षकांनी हे फळ्यावर लिहून ठेवायला हरकत नाही.

झाकण घरी उघडावे, होडीत किंवा वाळूत कधीही नाही. बॅटरी आदल्या रात्री भरावी. बंद करण्यापूर्वी रिंगवरून आणि तिच्या खाचेवरून कोरडे, मऊ, धागे न सोडणारे फडके फिरवावे आणि उजेडाला धरून बघावे. समुद्रावरून आल्यावर झाकण न उघडता कॅमेरा गोड्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावा, बटणे दाबून मीठ सुटू द्यावे, मग पुसून सावलीत वाळवावा. पूर्ण वाळल्याशिवाय झाकण उघडू नये. रिंग वर्षाला बदलून घ्यावी, असे कंपन्याच सांगतात. म्हणून विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला किंमत विचारायच्या आधी हे विचारा, की रिंग बदलून कुठे मिळेल? उत्तर नीट आले नाही तर पैसे खिशात राहू द्या. जुना, वापरलेला कॅमेरा स्वस्त मिळाला तर पावसासाठी घ्या, पाण्यात बुडवू नका. त्याच्या रबराचे वय तुम्हाला ठाऊक नसते.

आणखी दोन गोष्टी. हा कॅमेरा पाण्यात मरत नाही, पण तरंगतही नाही. हातातून सुटला की दगडासारखा तळाला. म्हणून त्याच्या दोरीला तरंगणारा पट्टा हवाच. आणि पावसाळ्यात ठेवायचा तो घट्ट डब्यात, पण डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून. आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरावा. वापरातला कॅमेरा सहसा बुरसत नाही. हे मी वर्गणी घालवून शिकलो आहे, तुम्ही फुकट शिका.

एक गोष्ट मात्र कोणताच कॅमेरा करीत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात घुसले, तेव्हा किती घरांतले लग्नाचे, आजी-आजोबांचे फोटो चिखलात गेले! कॅमेरा वाचवणे आणि फोटो वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. कार्डातला फोटो शाळेच्या संगणकावर घ्यावा, आणि त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी, जरा उंचावरच्या वाडीत, ठेवावी.

आता त्या तिघांना उत्तर.

होडीवाले भाऊ, तुम्हाला घरच्या आठवणींसाठी फोटो हवेत. तुम्ही घेऊ नका. फोनाला चांगली पिशवी घ्या आणि उरलेल्या पैशात मुलीची पुस्तके आणा. पुढे कधी तुम्ही पर्यटकांना समुद्रात नेण्याचा धंदा सुरू केलात आणि त्यांचे फोटो काढून देणे हे त्याचा भाग झाले, तर मग पुन्हा विचार करू. तेव्हा तो खर्च नसेल, अवजार असेल.

बाई, तुम्ही एकट्याच्या पगारातून घेऊ नका. पाच-सहा शाळांनी मिळून एक घ्यावा. या महिन्यात एका शाळेकडे, पुढच्या महिन्यात दुसरीकडे. धुण्यापुसण्याची जबाबदारी प्रत्येक शाळेत दोन मुलांवर सोपवावी. ती मुले आपल्यापेक्षा नीट करतात, असा माझा अनुभव आहे.

आणि चाकरमानी मंडळी, तुम्हाला शाळेला भेट द्यायची आहे ना? मग जरूर द्या. भिंतीवर नाव कोरलेल्या घड्याळापेक्षा हे बरे. पण सोबत एक जादा बॅटरी, तरंगता पट्टा आणि दर वर्षी रिंग बदलण्याचा खर्च द्या. आणि देताना गुरुजींना एक अट घाला. हा कॅमेरा कपाटात राहणार नाही. तो मुलांच्या हातात राहील.

कारण खरे पाहता आपण पैसे मोजतो ते पंधरा मीटर पाण्याचे नव्हेत. भर पावसात सड्यावर एखादे मूल ओणवे होऊन विचारते, “गुरुजी, मी काढू फोटो?” तेव्हा न घाबरता “काढ” म्हणता यावे, त्याचे ते पैसे आहेत. माझ्या तोंडून त्या दिवशी तो शब्द निघाला नाही. तुमच्या तोंडून निघावा.